रिकव्हरी ड्राइव्ह बनत नाही, वर डिस्क मागतोय: विंडोजची हरवलेली दुरुस्ती-साधनं परत कशी बसवायची

विंडोज १० किंवा ११ वर रिकव्हरी ड्राइव्ह (विंडोज उठेना तर दुरुस्तीसाठी मशीन ज्यावरून सुरू करायचं तो पेनड्राइव्ह) करायला घ्यावा, पेनड्राइव्ह लावावा आणि समोर ही पाटी यावी: "वी कान्ट क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह ऑन धिस पीसी. सम रिक्वायर्ड फाइल्स आर मिसिंग." खाली सल्लाही असतो की संगणक सुरू होईना तर विंडोजची इन्स्टॉलेशन डिस्क वापरा. डिस्क नाही म्हणून तर माणूस रिकव्हरी ड्राइव्ह करायला बसलेला असतो! लॅपटॉपबरोबर डिस्क देणं कंपन्यांनी कधीच सोडलं आणि आता डीव्हीडी घालायला फटसुद्धा उरलेली नाही.

हाच बिघाड आणखी दोन-तीन वेशांत भेटतो. 'रीसेट धिस पीसी' दाबलं की "कुड नॉट फाइंड द रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट" येतं. शिफ्ट दाबून रीस्टार्ट केलं तरी निळ्या पडद्यावर 'ट्रबलशूट' दिसत नाही, मशीन गुपचूप पुन्हा विंडोजमध्ये येतं. किंवा एखादा अपडेट दर वेळी त्याच आकड्याने नापास होतो: ०एक्स८००७०६४३. वरवर या वेगळ्या तक्रारी दिसतात, पण बहुतेक वेळा मूळ एकच असतं. आणि ते दुरुस्त करायला डिस्क लागत नाही. लागते एक फाइल. ती कुठे गेली एवढं शोधता आलं की निम्मं काम झालं.

त्या फाइलचं नाव विनआरई डॉट विम. स्पेलिंग डब्ल्यू-आय-एन-आर-ई, टिंब, डब्ल्यू-आय-एम. काही शे एमबीची ही फाइल म्हणजे एक छोटं, स्वतंत्र विंडोजच आहे. मुख्य विंडोज उठेनासं झालं की हे छोटं विंडोज मेमरीत चढतं आणि स्टार्टअप रिपेअर, सिस्टिम रिस्टोअर, अपडेट काढून टाकणं, कमांड प्रॉम्प्ट अशी हत्यारं समोर ठेवतं. यालाच विंडोज रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट म्हणतात, थोडक्यात विनआरई. एक्सपीच्या काळी याच्या जागी रिकव्हरी कन्सोल होता. तो सीडीवरून चालायचा, पण विन-एनटी-३२ ला 'सीएमडीकॉन्स' ही पुरवणी जोडून तो हार्ड डिस्कवरही बसवता यायचा आणि जागा खायचा जेमतेम ७ एमबी. आपण इथे करतोय तो उद्योग तसा जुनाच आहे, फक्त फाइल बदलली.

या लेखातल्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या. जिथे स्पेलिंगचा घोळ होईल तिथे अक्षरं सुटी दिली आहेत.

आधी निदान

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करा आणि 'टर्मिनल ॲडमिन' उघडा (विंडोज १० वर 'कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन' किंवा 'पॉवरशेल ॲडमिन' दिसेल). टर्मिनलमध्ये सहसा पॉवरशेलच उघडतं आणि पुढची 'डीआयआर /ए' ही आज्ञा पॉवरशेलला कळत नाही, म्हणून तिथे आधी 'सीएमडी' (सी-एम-डी) टाइप करून एंटर दाबा. ॲडमिन हा शब्द महत्त्वाचा. साध्या खिडकीत पुढचं काहीच चालणार नाही. मग द्या:

रीएजंटसी /इन्फो

स्पेलिंग आर-ई-ए-जी-ई-एन-टी-सी, सलग. उत्तरात पहिलीच ओळ असते 'विंडोज आरई स्टेटस'. समोर 'एनेबल्ड' असेल तर साधनं चालू आहेत. 'डिसेबल्ड' असेल तर बंद. दुसऱ्या ओळीत जागा असते: हार्डडिस्क शून्य, पार्टिशन चार, रिकव्हरी, विंडोजआरई असा लांबलचक पत्ता. बंद असताना ही ओळ रिकामी असते.

आता फाइल कुठे असते ते नीट समजून घ्या, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो. साधनं चालू असतात तेव्हा विनआरई डॉट विम सहसा डिस्कच्या टोकाला असलेल्या लपवलेल्या रिकव्हरी पार्टिशनमध्ये (पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा पाडलेला कप्पा) राहते. साधनं बंद केली की विंडोज ती तिथून उचलून सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टिम३२, रिकव्हरी या फोल्डरात आणून ठेवतं. पुन्हा चालू केली की परत पार्टिशनमध्ये. म्हणजे 'सिस्टिम३२ मध्ये फाइल सापडत नाही' एवढ्यावरून ती गेली असं म्हणता येत नाही. चालू असताना ती तिथे नसणारच.

स्टेटस 'डिसेबल्ड' असेल तर हे द्या:

डीआयआर /ए सी:\विंडोज\सिस्टिम३२\रिकव्हरी

'/ए' विसरू नका. ही फाइल लपवलेली आणि सिस्टिमची म्हणून खूण केलेली असते, त्यामुळे साध्या 'डीआयआर'ला ती दिसत नाही. अनेक जण इथेच 'फाइल उडाली' असा निष्कर्ष काढून फॉरमॅट मारायला निघतात.

यादीत विनआरई डॉट विम दिसली तर नशीब चांगलं. एकच आज्ञा:

रीएजंटसी /एनेबल

'ऑपरेशन सक्सेसफुल' आलं की पुन्हा '/इन्फो' देऊन खात्री करा आणि थेट चाचणीच्या भागाकडे या.

फाइल नाहीच, आता?

'/एनेबल' दिल्यावर "द विंडोज आरई इमेज वॉज नॉट फाउंड" असं उत्तर आलं तर फाइल खरोखर जागेवर नाही. ती जाण्याची कारणं ठरलेली आहेत. जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर क्लोन मारताना, म्हणजे हुबेहूब नक्कल करताना, फक्त सी ड्राइव्ह उचलला आणि शेवटचं पार्टिशन मागे राहिलं, हे एक. डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'हे ५०० एमबीचं कसलं पार्टिशन, उगाच जागा अडवतंय' म्हणून कुणीतरी पुसलं, हे दुसरं. तिसरं म्हणजे दुकानातून 'विंडोज मारून' आणलेलं मशीन. त्यात अनेकदा काटछाट केलेलं, 'लाइट' म्हणून फिरणारं विंडोज असतं आणि काटछाटीत पहिला बळी याच भागाचा जातो. मशीन सुरळीत चालतं, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. लागतो तो विंडोज कोलमडल्यावर.

कुठून काही उतरवण्याआधी स्वतःच्याच डिस्कवर शोधा. विंडोजची आवृत्ती वर चढताना कधी कधी जुनं रिकव्हरी पार्टिशन तसंच पडून राहतं आणि नवीन वेगळं बनतं. एकाच डिस्कवर दोन-दोन, तीन-तीन रिकव्हरी पार्टिशनं असलेली मशिनं काही दुर्मिळ नाहीत. त्यातल्या एखाद्यात फाइल सुखरूप असू शकते. डिस्कपार्ट ही पार्टिशनं हाताळायची विंडोजची आज्ञा उघडा (स्पेलिंग डी-आय-एस-के-पी-ए-आर-टी), मग:

लिस्ट व्हॉल्यूम

जिथे अक्षर नाही, फाइल सिस्टिम एनटीएफएस आहे आणि आकार ३०० एमबी ते १ जीबीच्या आसपास आहे, असा व्हॉल्यूम बघा. समजा त्याचा क्रमांक ३:

सिलेक्ट व्हॉल्यूम ३
असाइन लेटर=आर
एक्झिट

आता 'डीआयआर /ए आर:\रिकव्हरी\विंडोजआरई' देऊन पाहा. फाइल दिसली तर नक्कल करा:

एक्सकॉपी /एच आर:\रिकव्हरी\विंडोजआरई\विनआरई.विम सी:\विंडोज\सिस्टिम३२\रिकव्हरी\

'/एच' लपलेल्या फाइलींसाठी. काम झाल्यावर डिस्कपार्टमध्ये परत जाऊन तोच व्हॉल्यूम निवडा आणि 'रिमूव्ह लेटर=आर' द्या, नाहीतर फाइल एक्स्प्लोररमध्ये एक आगंतुक ड्राइव्ह कायमचा दिसत राहील आणि घरातलं कुणीतरी त्यात फोटो टाकेल.

स्वतःकडे सापडली नाही तर दुसरा सोपा स्रोत म्हणजे त्याच आवृत्तीचं विंडोज असलेला दुसरा संगणक. घरातला दुसरा लॅपटॉप, ऑफिसातल्या शेजाऱ्याचा, कुणाचाही चालेल. त्या मशीनवर ॲडमिन खिडकीत 'रीएजंटसी /डिसेबल' द्या. फाइल आपोआप त्याच्या सिस्टिम३२ मधल्या रिकव्हरी फोल्डरात येते. ती वरच्यासारखी एक्सकॉपीने पेनड्राइव्हवर घ्या आणि लगेच 'रीएजंटसी /एनेबल' देऊन त्याची साधनं पुन्हा चालू करा. हे शेवटचं पाऊल राहून गेलं तर तुमचं दुखणं तुम्ही त्याच्या गळ्यात बांधून आलात. रोज दीड-दोन जीबीचा डेटा पॅक असलेल्याला हाच मार्ग परवडतो, कारण पुढचा पर्याय पाच जीबीच्या वरचा आहे.

तो पर्याय म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या इन्स्टॉलेशन डिस्कची एकाच फाइलीतली प्रत, उतरवणं. ही फुकट मिळते. विंडोज ११ च्या पानावर आयएसओचा पर्याय थेट आहे. विंडोज १० चं पान विंडोजवरून उघडलं तर फक्त मीडिया क्रिएशन टूल हे विंडोज उतरवून देणारं मायक्रोसॉफ्टचं साधन पुढे येतं. त्या टूलमध्ये 'आयएसओ फाइल' निवडली की काम भागतं. उतरलेल्या आयएसओवर डबल क्लिक करा, ती एखाद्या ड्राइव्हसारखी उघडते. आत 'सोर्सेस' फोल्डर, त्यात 'इन्स्टॉल' नावाची सगळ्यात जाडजूड फाइल. तिच्या पोटात अख्खं विंडोज घडी करून ठेवलेलं असतं आणि त्या विंडोजच्या आत आपली विनआरई.

ही घडी उघडायला डिझम ही विंडोजची स्वतःची आज्ञा आहे, पण माझं मत विचाराल तर सेव्हन-झिप वापरा. फुकट आहे, छोटं आहे आणि टायपिंगच्या चुका होत नाहीत. सेव्हन-झिपमध्ये 'इन्स्टॉल' फाइल उघडली की १, २, ३ अशा क्रमांकांचे फोल्डर दिसतात. हे होम, प्रो वगैरे वेगवेगळे प्रकार. १ मध्ये शिरा, मग विंडोज, सिस्टिम३२, रिकव्हरी. तिथे विनआरई डॉट विम बसलेली असते. ओढून बाहेर काढा आणि आपल्या सी ड्राइव्हवरच्या त्याच नावाच्या फोल्डरात ठेवा. डिझमचाच आग्रह असेल तर एक लक्षात ठेवा: मीडिया क्रिएशन टूलने बनवलेल्या आयएसओमध्ये बहुधा इन्स्टॉल डॉट ईएसडी असते आणि ईएसडी डिझमला थेट माउंट करता येत नाही. आधी ती '/एक्सपोर्ट-इमेज'ने विममध्ये बदलावी लागते. तेवढा वेळ कुणाला आहे?

आवृत्ती जुळली पाहिजे. स्टार्टमध्ये 'विनव्हर' टाइप करून आपला बिल्ड क्रमांक बघा आणि आणलेल्या फाइलचा असा:

डिझम /गेट-इमेजइन्फो /इमेजफाइल:सी:\विंडोज\सिस्टिम३२\रिकव्हरी\विनआरई.विम /इंडेक्स:१

इथे एक फसवी जागा आहे. विंडोज १० च्या २२एच२ वर विनव्हर १९०४५ दाखवतो, तर फाइलमध्ये १९०४१ दिसू शकतं. घाबरू नका, दोघांचा पाया एकच आहे. मायक्रोसॉफ्टने १९०४१ वरच छोट्या पुरवण्यांनी पुढच्या आवृत्त्या उभ्या केल्या. विंडोज ११ मध्ये २२६२१ आणि २२६३१ ची जोडी तशीच, २६१०० आणि २६२०० ची तशीच. पण विंडोज ११ वर विंडोज १० ची फाइल, किंवा ६४ बिटवर ३२ बिटची, हा प्रयोग करू नका.

फाइल जागेवर आली की विंडोजला तिचा पत्ता सांगायचा:

रीएजंटसी /सेटआरईइमेज /पाथ सी:\विंडोज\सिस्टिम३२\रिकव्हरी
रीएजंटसी /एनेबल

पहिल्या आज्ञेत पत्ता फोल्डरचा द्यायचा, फाइलचं नाव लिहायचं नाही. आणि हो, 'एसएफसी /स्कॅननाऊ' चालवा हा सल्ला तुम्हाला शंभर ठिकाणी मिळेल. इतर बिघाडांसाठी ती आज्ञा उत्तमच, पण ही हरवलेली फाइल ती परत आणून देत नाही.

फाइल आहे, तरी हट्ट करतो

फाइल जागेवर असूनही '/एनेबल' नकार देत असेल तर संशय रीएजंट डॉट एक्सएमएलवर घ्या. याच रिकव्हरी फोल्डरात ही छोटी फाइल असते, ज्यात साधनांचा पत्ता नोंदलेला असतो. क्लोन मारलेल्या मशीनवर तिच्यात जुन्या डिस्कचा पत्ता राहून जातो आणि विंडोज नसलेल्या घराचं दार ठोठावत बसतं. फाइल पुसू नका, तिचं नाव बदलून रीएजंट डॉट ओल्ड करा आणि वरच्या दोन्ही आज्ञा पुन्हा द्या. विंडोज कोरी नोंद तयार करतं.

दुसरा नकार वेगळा असतो: "विंडोज आरई कॅनॉट बी एनेबल्ड ऑन अ व्हॉल्यूम विथ बिटलॉकर ड्राइव्ह एन्क्रिप्शन एनेबल्ड." अर्थ असा की वेगळं रिकव्हरी पार्टिशन सापडलं नाही म्हणून विंडोज साधनं सी ड्राइव्हवरच ठेवायला गेलं, पण सी ला बिटलॉकरचं, म्हणजे डिस्कवरचं सगळं किल्लीशिवाय वाचता येऊ नये म्हणून विंडोज लावतं ते, कुलूप आहे. कुलूपबंद खोलीत तिची किल्ली ठेवून चालत नाही, तसंच हे. इथे वेगळं पार्टिशन पाडण्यावाचून इलाज नाही.

बिटलॉकर नसेल तर मात्र पार्टिशन नसलं तरी अडत नाही. '/एनेबल' दिलं की विंडोज सी ड्राइव्हवरच रिकव्हरी नावाचा लपलेला फोल्डर करून फाइल तिथे ठेवतं आणि साधनं चालतात. घरगुती मशीनला मी एवढ्यावरच थांबायला सांगेन आणि उरलेला भरवसा पेनड्राइव्हवर टाकायला. पार्टिशनची कापाकापी ही गंमत म्हणून करायची गोष्ट नाही.

पार्टिशन पाडायची वेळ येते ती दोन वेळा: वरच्या बिटलॉकरच्या नकाराला, आणि ०एक्स८००७०६४३ या अपडेटच्या आकड्याला. दुसऱ्याची कथा अशी. ९ जानेवारी २०२४ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी केबी५०३४४४१ हा अपडेट आणला. विनआरईमधल्या एका भोकातून, मशीन हातात असलेला माणूस बिटलॉकर चुकवून आत शिरू शकत होता. ते बुजवायला हा अपडेट विनआरईच बदलत होता. त्यासाठी रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि असंख्य मशिनांवर ती नव्हती, कारण ते पार्टिशन स्वतः विंडोजनेच बसवताना तोकडं पाडलं होतं. मायक्रोसॉफ्टने नंतर सांगितलं की याचं आपोआप निराकरण येणार नाही, पार्टिशन हातानेच वाढवा. सामान्य माणसाला डिस्कपार्ट चालवायला सांगणं मला आजही पटलेलं नाही, पण पद्धत ही अशी. आधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप बाहेर काढा. खरोखर काढा.

'रीएजंटसी /डिसेबल' द्या. फाइल सिस्टिम३२ मध्ये परत आली का ते 'डीआयआर /ए'ने बघा. ती दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण आता पार्टिशन पुसायचं आहे. मग डिस्कपार्टमध्ये 'लिस्ट डिस्क', 'सिलेक्ट डिस्क ०', 'लिस्ट पार्टिशन'. 'लिस्ट डिस्क'च्या यादीत जीपीटी या रकान्यात चांदणी आहे का तेही टिपून ठेवा (जीपीटी आणि एमबीआर या डिस्कवर पार्टिशनं नोंदायच्या दोन पद्धती). सी ड्राइव्हचं पार्टिशन आकारावरून ओळखून निवडा आणि:

श्रिंक डिझायर्ड=१०२४ मिनिमम=१०२४

मायक्रोसॉफ्टच्या सूचनेत इथे २५० आहे, कारण त्यांच्या हिशेबात जुनं रिकव्हरी पार्टिशन सी च्या अगदी लागून मागे आहे आणि दोन्ही जागा एक होणार आहेत. पण विंडोज १० च्या जुन्या आवृत्त्या ते पार्टिशन डिस्कच्या सुरुवातीला, सी च्या आधी पाडत. तसं असेल तर जागा एक होत नाहीत आणि २५० एमबीत फाइलच मावत नाही. सरळ १ जीबी काढा. आजच्या डिस्कांना तेवढ्याने काही होत नाही.

जुनं रिकव्हरी पार्टिशन सी ला लागून असेल तरच ते निवडून 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड' द्या. इथे क्रमांक दोनदा वाचा. मग नवीन पार्टिशन. चांदणी नसलेल्या, म्हणजे एमबीआर डिस्कवर एवढंच:

क्रिएट पार्टिशन प्रायमरी आयडी=२७

चांदणी असलेल्या, जीपीटी डिस्कवर आयडी लांबलचक असतो:

क्रिएट पार्टिशन प्रायमरी आयडी=डीई९४बीबीए४-०६डी१-४डी४०-ए१६ए-बीएफडी५०१७९डी६एसी
जीपीटी ॲट्रिब्यूट्स=०एक्स८००००००००००००००१

दुसऱ्या ओळीत ८ आणि १ यांच्यामध्ये चौदा शून्यं आहेत, मोजून टाका. ही खूण नसेल तर विंडोज त्या पार्टिशनला अक्षर देऊन उघड्यावर आणतं. त्यानंतर दोन्ही प्रकारांत सारखंच:

फॉरमॅट क्विक एफएस=एनटीएफएस लेबल="विंडोज आरई टूल्स"
एक्झिट
रीएजंटसी /एनेबल

'/इन्फो' मध्ये नव्या पार्टिशनचा क्रमांक दिसला की झालं. 'श्रिंक' जागा नाही म्हणाला, तर सी च्या शेपटाला हलवता न येणाऱ्या फाइली आहेत; हायबरनेशन 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' ने तात्पुरतं बंद करून पुन्हा बघा.

चालतं का ते आजच बघा

स्टेटस 'एनेबल्ड' दिसतं म्हणून विश्वास ठेवू नका. शिफ्ट दाबून ठेवा, स्टार्टमधून रीस्टार्ट करा, निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट इथपर्यंत जाऊन या. कीबोर्ड आणि माउस चालतात का तेही तपासा. हे मी उगाच सांगत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ च्या केबी५०६६८३५ या विंडोज ११ च्या अपडेटने नेमकं हेच बिघडवलं होतं: विंडोजमध्ये कीबोर्ड-माउस ठणठणीत, पण विनआरईमध्ये यूएसबीचे दोन्ही मेलेले. पडदा समोर आणि दाबायला काही नाही. २० ऑक्टोबरला केबी५०७०७७३ ने ते दुरुस्त झालं. त्या दरम्यान जे अडकले त्यांना मार्ग उरले ते टचस्क्रीन, जुना गोल पिनचा कीबोर्ड किंवा आधी बनवून ठेवलेला रिकव्हरी पेनड्राइव्ह.

जाता जाता: लाइट सारखी जाणाऱ्या गावात यूपीएसशिवाय संगणक असेल तर हा निळा पडदा तुम्ही न बोलावताही येईल. विंडोज सुरू होताना लागोपाठ अर्धवट बंद पडलं की पुढच्या वेळी ते स्वतःहून विनआरईत जातं. तेव्हा घाबरून फॉरमॅट मारू नका, 'कंटिन्यू' दाबून आधी विंडोज उघडतंय का ते बघा.

आता पेनड्राइव्ह

साधनं चालू झाली की सुरुवातीचा तो रडका संदेश जातो. स्टार्टमध्ये 'रिकव्हरी ड्राइव्ह' शोधा आणि सुरू करा. 'बॅकअप सिस्टिम फाइल्स' ही खूण ठेवली तर १६ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह लागतो, वेळही बराच जातो, पण त्यावरून विंडोज नव्याने बसवताही येतं. खूण काढली तर फक्त दुरुस्तीची साधनं जातात आणि कपाटात पडलेला छोटा पेनड्राइव्हही पुरतो. दोन्ही प्रकारांत पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका.

त्यावरून मशीन सुरू करायला चालू करतानाच बूट मेनूची कळ दाबायची: डेल, लेनोवो आणि एसरवर सहसा एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, आसुसवर एस्केप. एसरमध्ये एफ१२ आधी बायोसमधून चालू करावं लागू शकतं.

आणि बिटलॉकरची किल्ली. हा भाग लोक टाळतात आणि नेमके इथेच बुडतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या नव्या लॅपटॉपवर डिस्कचं कुलूप बहुधा तुम्हाला न विचारताच लागलेलं असतं. विंडोज रोज आपोआप उघडतं म्हणून ते जाणवत नाही. विनआरईमध्ये सी ड्राइव्हला हात लावायला गेलात की ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर वरची सगळी मेहनत असून नसल्यासारखी. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं बंद पाडली आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तेव्हा उपाय साधा होता: सेफ मोड किंवा विनआरईत जा, एक फाइल पुसा. अनेक ऑफिसांत गाडी अडली ती याच ४८ आकड्यांवर. आपली किल्ली आत्ताच बघून घ्या:

मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी:

किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यातल्या डिव्हाइसेसच्या पानावर. कागदावर उतरवा, तो कागद बँकेच्या पासबुकात ठेवा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर नोटपॅडमध्ये नको.

साधनांच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये शिरल्यावर दोन गोष्टी माहीत असाव्यात. एक, तिथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, तुमचा सी तिथे डी झालेला असतो; आधी 'डीआयआर' देऊन 'युजर्स' फोल्डर कुठे आहे ते पाहा आणि मगच काही पुसा. दोन, विंडोज उठतच नसेल आणि फाइली तेवढ्या वाचवायच्या असतील तर 'नोटपॅड' टाइप करा. फाइल, ओपन, खाली 'ऑल फाइल्स' निवडा. त्या छोट्या खिडकीत उजव्या क्लिकने कॉपी करून पेनड्राइव्हवर पेस्ट करता येतं. दिसायला जुगाड आहे, पण फॉरमॅटच्या आधी मुलांचे प्रोजेक्ट आणि दुकानाचे हिशेब याने सहज बाहेर निघतात.

मशीन आधीच झोपलेलं असेल तर

वरचं सगळं विंडोज सुरू होत असेल तरच उपयोगाचं. मशीन उठतच नसेल आणि साधनंही नसतील तर दुसऱ्या संगणकावर मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह बनवा. त्यावरून मशीन सुरू करा आणि सेटअपमध्ये 'इन्स्टॉल'ऐवजी 'रिपेअर युअर कॉम्प्युटर' निवडा. अलीकडच्या विंडोज ११ च्या सेटअपमध्ये तो पर्याय 'रिपेअर माय पीसी' या नावाने आहे. तिथे हीच सगळी हत्यारं मिळतात आणि तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही. डेल, एचपी, लेनोवो यांची स्वतःची रिकव्हरी डाउनलोड टूल्सही आहेत, पण ती मशीन कारखान्यातून आलं त्या स्थितीला नेतात. म्हणजे तुमचा डेटा जातो. तो शेवटचा उपाय.

'विंडोज रिकव्हरी टूल फ्री डाउनलोड' असं शोधल्यावर वर येणाऱ्या अनोळखी साइटवरून विनआरई डॉट विम मात्र उतरवू नका. बिटलॉकरची किल्ली टाकल्यावर तुमची अख्खी डिस्क वाचू शकणारं हे विंडोज आहे, ते कुणाच्या तरी हातून घेऊ नये.

विंडोजची मोठी आवृत्ती बदलली किंवा डिस्क बदलली की 'रीएजंटसी /इन्फो' पुन्हा एकदा द्या आणि पेनड्राइव्ह नव्याने बनवा. मायक्रोसॉफ्टही तो दरवर्षी नवा करायला सांगतं.